विंचवाचे विष आणि एक नवा विचार



वैद्यकशास्त्रात अमुक एक नवा शोध लागला, असे कानांवर आले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? एखाद्या मोठ्या शहरातली प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या, किमती यंत्रे आणि त्यांच्याभोवती वावरणारे मोठमोठे तज्ज्ञ. तसे शोध लागतात, नाही असे नाही. पण आज मी तुम्हाला जी हकीकत सांगणार आहे, ती कोकणातल्या एका साध्या सरकारी आरोग्य केंद्रात सुरू झाली. तिथे यंत्रे फारशी नव्हती. एक तरुण डॉक्टर होता, रात्री-अपरात्री येणारे रुग्ण होते आणि एक वही होती. आणि ज्याच्यामुळे हा सारा शोध घडला तो प्राणी तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे विंचू!

भिवंडी तालुक्यातले आपले दापोडे गाव घ्या. पूर्वी इथे भाताची खाचरे, पेंढ्याच्या उडव्या, गोवऱ्या आणि सरपणाचे ढीग, असे गाव होते. आज त्याच शिवारात लांबच लांब गोदामे उभी राहिली आहेत आणि मालाच्या गाड्यांची रीघ लागलेली असते. गाव बदलले, पण विंचवाला त्याचे काय? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! त्याला अंधार हवा, फट हवी आणि खायला किडे हवेत. पेंढ्याखाली जसा तो दडून बसतो, तसाच तो गोदामाच्या कोपऱ्यात पडलेल्या लाकडी फळ्यांखाली आणि जुन्या गोण्यांखालीही बसू शकतो. दिवसा दडायचे आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडायचे, हा त्याचा क्रम. म्हणून ही गोष्ट शेतकऱ्याची आहे, तशीच हमालाची आणि राखणदाराचीही आहे.

आपल्याकडे विंचू मुख्यतः दोन तऱ्हेचे दिसतात. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा. त्याला पाहूनच माणूस घाबरतो. दुसरा लहान, तांबूस रंगाचा, बारीक नांग्यांचा. गंमत अशी की, ज्याला आपण अधिक भितो तो काळा विंचू चावला तर ठणका पुष्कळ लागतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. जो चिमुकला दिसतो त्या तांबड्या विंचवाचे विष मात्र फार जहाल. धडधाकट गड्यालासुद्धा ते आडवे करते. मग लहान मुलाची काय कथा!

आता एक प्रश्न विचारतो. गावोगावी विंचू उतरवणारे होते आणि काही ठिकाणी अजूनही आहेत. कोणी मंत्र घालतो, कोणी पाला बांधतो, कोणी अंगारा लावतो. लोक शपथेवर सांगतात, "आमच्या डोळ्यांदेखत विंचू उतरला." ही माणसे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. त्यांनी जे पाहिले ते खरेच आहे. फक्त त्याचा अर्थ निराळा आहे. समजा, गावात दहा जणांना विंचू चावला. त्यांतल्या कित्येकांना काळा विंचू चावलेला असतो, किंवा तांबड्या विंचवाचे विष अंगात थोडेच गेलेले असते. अशा माणसाचा ठणका काही तासांनी आपोआपच ओसरतो. मंत्र घातला तरी ओसरतो आणि न घातला तरी ओसरतो. त्याचे श्रेय मंत्राला जाते. उरलेला एखादा जर दगावला, तर आपण म्हणतो, "त्याची वेळच भरली होती." म्हणजे यश आले तर मंत्राचे आणि अपयश आले तर नशिबाचे! असा हिशेब ठेवला तर कोणतेही औषध खोटे ठरणार नाही. शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट वर्गात मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. नव्या विचाराची पहिली पायरी म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहिणारा असा चोख हिशेब.

असा हिशेब ठेवणारा डॉक्टर १९७६ साली कोकणात आला. डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव. आजच्या जालना जिल्ह्यातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. त्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. बिरवाडीला त्यांच्यापुढे विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. कोणी भात कापताना, कोणी पेंढा काढताना, कोणी दगड उचलताना चावा घेतलेला. आणि त्यांच्या ध्यानात आले की, वैद्यकाच्या पुस्तकांतून या आजाराविषयी जे थोडेफार लिहिलेले आहे, त्याने समोरच्या रुग्णाचा प्राण वाचत नाही. रुग्णाला धाप लागे, तोंडाला फेस येई आणि काही तासांत सारे संपे.

अशा वेळी दोन वाटा असतात. "याला इलाज नाही," असे म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळायचे, ही एक वाट. डॉ. बावस्करांनी दुसरी वाट धरली. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. चावल्यापासून किती वेळाने काय होते, ते त्यांनी टिपून ठेवायला सुरुवात केली. घाम केव्हा सुटला, उलट्या केव्हा झाल्या, हातपाय गार केव्हा पडले, नाडी कशी, रक्तदाब किती, श्वास कसा. एक रुग्ण, दोन रुग्ण, दहा रुग्ण असे करता करता त्या टिपणांतून एक क्रम दिसू लागला. ज्यांना लवकर उलट्या होतात, अंगाला पाण्यासारखा घाम सुटतो आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात, तेच रुग्ण पुढे हृदय आणि फुप्फुसे बिघडून अत्यवस्थ होतात, असे आढळले. म्हणजे संकटाची आगाऊ सूचना शरीर स्वतःच देत होते! ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कोकणातल्या आरोग्य केंद्रातली टिपणे साऱ्या जगाच्या डॉक्टरांनी वाचली.

पण सूचना मिळाली म्हणून संकट टळत नाही. पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. हे विष शरीरात करते तरी काय?

तुम्हाला एक साधा दाखला देतो. रात्री अंधारात एकाएकी मोठा आवाज झाला तर काय होते? छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात. भीतीच्या वेळी शरीर काही द्रव्ये रक्तात सोडते, त्यांचा हा परिणाम. भीती गेली की द्रव्ये कमी होतात आणि आपण पूर्वपदावर येतो. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंना असे काही चेतवते की, हीच द्रव्ये शरीरात एकदम आणि अतोनात सुटतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आता शेतावरचा पाण्याचा पंप आठवा. पंप चालू आहे आणि कोणी पुढची नळी पायाखाली दाबून धरली, तर पंपावर केवढा ताण येईल! हृदय हा आपला पंप. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता तो थकतो, मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरू लागते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडावा तसा गुदमरतो.

विषाचा हृदयावर असा परिणाम होतो, याचा अभ्यास इस्राएलमधल्या डॉक्टरांनीही केला होता, कारण वाळवंटी मुलखात विंचू पुष्कळ. डॉ. बावस्कर पुण्याला वैद्यकातील उच्च शिक्षण घेऊन पुन्हा कोकणात परतले, तेव्हा या साऱ्या माहितीची आपल्या टिपणांशी सांगड घालून त्यांनी एक नवा प्रश्न स्वतःला विचारला. सगळे जण विचारीत होते, "हे विष उतरवायचे कसे?" यांनी विचारले, "विष राहू दे क्षणभर बाजूला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करता येतील का? नळीवरचा पाय काढता येईल का?"

प्रश्न बदलला आणि उत्तर सापडण्याचा रस्ताही बदलला. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे वैद्यकाजवळ होतीच. ती निराळ्या रोगांसाठी वापरली जात. प्रथम त्यांनी शिरेतून थेंबथेंब द्यावयाचे एक जोरदार औषध वापरले. त्याने गुण आला. पण ते औषध देताना डॉक्टरला सारखे रुग्णाजवळ बसून रक्तदाब पाहावा लागे, कारण थेंब जास्त गेले तर रक्तदाब धाडकन कोसळण्याची भीती. एका डॉक्टरवर चाललेल्या खेड्यातल्या दवाखान्यात हे कसे जमावे? मग दुसरा प्रश्न उभा राहिला: हेच काम करणारे, पोटात घेता येईल असे, साधे आणि स्वस्त औषध आहे काय? आणि ते निघाले. वाढलेल्या रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन नावाची गोळी! १९८६ साली या गोळीचा अनुभव त्यांनी 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडला. पूर्वी गंभीर लक्षणे झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे चाळीस दगावत. वेळेवर ही गोळी मिळू लागल्यावर ते प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले.

श्रोतेहो, जरा थांबून विचार करा. नवे रसायन कोणी तयार केले नाही. नवे यंत्र बसवले नाही. गोळी औषधाच्या दुकानात आधीपासूनच होती आणि विंचू तर माणसाच्याही आधीपासून होता. या दोहोंची गाठ घालून देणारा विचार तेवढा नवा होता. आणि तो सुचला, कारण त्याच्या मागे अनेक रात्रींची टिपणे होती.

पण हकीकत इथेच संपत नाही. पुढचा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. पुढे विंचवाच्या विषावर उतारा म्हणून घोड्याच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविषाची लस मिळू लागली. आता ज्या माणसाने आपल्या गोळीने इतके प्राण वाचवले, तो म्हणू शकला असता, "माझी गोळी आहे ना? मग आणखी कशाला काय हवे?" डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तसे केले नाही. महाडला त्यांनी सत्तर रुग्णांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले, म्हणजे पक्षपात नको. पस्तीस जणांना नुसती गोळी आणि पस्तीस जणांना गोळी व प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पाहिले, तर दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते आणि नुसती गोळी घेतलेल्यांपैकी ८ जण. हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच औषधापेक्षा दुसऱ्याची जोड घेतलेले औषध सरस आहे, हे त्यांनी स्वतःच मोजून जगाला सांगितले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती उचितच झाली. पण मला विचाराल तर, हा ३२ आणि ८ चा आकडा प्रामाणिकपणे छापणे, हाही एक मोठा सन्मानच आहे.

तुम्ही म्हणाल, "ही झाली डॉक्टरांची गोष्ट. आम्ही काय करायचे?" म्हणून आणखी एक थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम उभारले. तिथे न्यूमोनियाने लहान मुले फार दगावत. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाले, तर धोका समजावा. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसे. मग करायचे काय? "आधी अक्षरओळख, मग आरोग्य," असे म्हणत बसले तर बाळ वाट पाहील काय? त्यांनी एक साधे साधन बनवले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वीच शेवटच्या, धोक्याच्या मण्यापर्यंत हात पोचला, की बाळाला औषध हवे. दहापर्यंत मोजणे सुईणीला येतच होते! पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले गेले आणि त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा ताई नवजात बाळाला पाहायला घरोघरी येतात, त्या व्यवस्थेमागे हा गडचिरोलीचा अनुभव आहे.

या दोन्ही हकिकतींत गावकऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे विसरू नका. विंचू चावलेला रुग्ण चार तास मांत्रिकाकडे बसवून मग दवाखान्यात आणला, तर उत्तमातले उत्तम औषधही थिटे पडते. म्हणून आता कामाच्या चार गोष्टी सांगतो, त्या नीट लक्षात ठेवा.

विंचू चावला तर पहिली गोष्ट, किती वाजले ते पाहा आणि लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार. जागा कापू नका, तोंडाने चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. हातातली अंगठी, बांगडी सैल असतानाच काढा. रुग्णाला धीर द्या, पळवू नका, चालवत नेऊ नका. नुसत्या ठणक्यावरून धोका ठरत नाही. उलटी, भरमसाट घाम, तोंडातून लाळ, गार हातपाय, छातीत धडधड किंवा धाप, यांतले काहीही दिसले तर एक मिनिटही दवडू नका. आणि लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका. दापोड्याहून भिवंडीचे सरकारी रुग्णालय काही लांब नाही. गाडी नसेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. आणखी एक, बरं का! मी गोळीचे नाव सांगितले म्हणून कोणी ती घरात आणून ठेवू नका आणि आपल्या हाताने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरतो. रुग्णाला आडवे ठेवून डॉक्टरच्या नजरेखालीच ती द्यावी लागते.

हे झाले चावल्यावरचे. चावू नये म्हणूनही पाहा. अंधारात हात घालायच्या आधी उजेड पाडा. पेंढा, गोवऱ्या, सरपण उचलताना आधी काठीने हलवा. गोदामात फळ्या किंवा गोण्या उचलताना हातमोजे आणि बूट घाला. बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटका. अंथरूण भिंतीपासून दूर ठेवा. घराभोवतीचे दगडविटांचे ढीग हलवा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी एक वेगळे काम सुचवतो. शाळेत एक वही करा. गावात कोणाला विंचू चावला की मुलांनी त्यात लिहावे: तारीख, वेळ, जागा, तेव्हा माणूस काय करीत होता, दवाखान्यात किती वेळाने पोचला. माणसाचे नाव लिहिण्याची गरज नाही. वर्षभराने ती वही उघडा. कोणत्या महिन्यात चावे अधिक, शेतात अधिक की गोदामात, सायंकाळी की पहाटे, हे मुलेच तुम्हाला सांगतील. मग ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा. अमुक जागी दिवा हवा, तमुक ढीग हलवायला हवा, हे ठरवायला दुसऱ्या पुराव्याची गरज पडणार नाही. मोठ्या माणसांना सोबत घेऊन आणखी एक गंमतही दाखवता येईल. नोटा तपासायचा अतिनील दिवा असतो ना, त्याच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. अंधाऱ्या भिंतीवर तो दुरूनही ओळखू येतो. तो दुरूनच पाहायचा, जवळ जायचे नाही, एवढी सक्त ताकीद मात्र मुलांना द्या.

कोणी म्हणेल, एका शाळेच्या वहीने वैद्यकशास्त्रात काय भर पडणार? बिरवाडीच्या त्या डॉक्टरच्या टिपणांविषयीही हे कोणी म्हणू शकले असते. तुमच्या वहीतून 'लॅन्सेट'मध्ये काही जाईल की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण त्या वहीमुळे गावातले एखादे मूल चार तासांऐवजी अर्ध्या तासात दवाखान्यात पोचले, तर तेवढ्याने त्या वहीचे सार्थक झाले असे मी समजेन. पावसाळा तोंडावर आला म्हणजे विंचू बिळांतून बाहेर पडतात. त्याआधीच वही करायला घ्या.